वर्षातून तीनदा उघडणाऱ्या घराची बाग

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा-राजापूरच्या पट्ट्यात असं घर दर वाडीत एखादं तरी असतं. कौलारू, जांभ्याच्या चिऱ्यांचं, पुढे खळं म्हणजे अंगण, मागे परसू, भोवती सहा गुंठे जागा आणि तिला गडगा, म्हणजे दगडी कुंपण. माणसं मुंबईत. घर उघडतं गणपतीत दहा दिवस, शिमग्याला चार-पाच दिवस आणि मे महिन्यात दोन-तीन आठवडे. उरलेले दिवस कुलूप. इथे मांडलेलं प्रकरण अशाच एका घराभोवतीच्या बागेचं आहे. मागणी साधी होती: गणपतीला दारची फुलं आणि पत्री हवी, मे महिन्यात अंगण उजाड दिसू नये, आणि मधल्या काळात कुणी काही करणार नाही.

आधीचे प्रयत्न सगळीकडे होतात तेच. दर गणपतीला नर्सरीतून गुलाब, मोगरा, मोठ्या फुलांच्या रंगीत जास्वंदी आणायच्या, खळ्याच्या कडेने लावायच्या, पुढच्या मे महिन्यात वाळलेल्या काड्या उपटायच्या. मग ठिबक बसवलं. उंदीर-खारींनी नळ्या कुरतडल्या, विहिरीच्या गाळाने फिल्टर तुंबला, आणि पंप बंद असल्याचं कळलं तेव्हा शिमगा आला होता. ठिबक वाईट नाही, पण आठवड्यातून एकदा त्याच्याकडे बघणारं माणूस लागतं. जिथे ते नाही तिथे ठिबक म्हणजे सांभाळायची आणखी एक गोष्ट.

यानंतर बहुतेकांना सल्ला मिळतो तो 'कमी पाण्याच्या' झाडांचा: अडेनियम, निवडुंग, घायपात, स्नेक प्लांट. सोलापूर-नगरकडे तो ठीक आहे. इथे चुकतो, कारण रत्नागिरीत वर्षाचा तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत, एखादी अवकाळी किंवा वळवाची सर सोडली तर, जमिनीला थेंब मिळत नाही. जमिनीत लावलेलं अडेनियम जुलैतच बुडख्यापाशी मऊ पडतं. म्हणजे झाडाने आधी चार महिने पाण्यात उभं राहायचं आणि मग सात महिने कोरड्यात. यातली एकच परीक्षा पास होणारी झाडं भरपूर आहेत, दोन्ही पास होणारी मोजकी.

ती कोणती, याचं उत्तर गावाबाहेरच्या कातळसड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, आहे. डिसेंबरात तिथे नुसता काळा दगड असतो, जुलै-ऑगस्टमध्ये तोच सडा फुलांनी भरतो. तिथल्या कितीतरी वनस्पती उन्हाळाभर कंद, गड्डा किंवा बी होऊन मातीत पडून असतात. बागेतही तेच करायचं. झाड कणखर आहे का, हा प्रश्नच बाजूला ठेवायचा आणि दोन वेगळे प्रश्न विचारायचे: हे झाड झोपतं कधी, आणि देतं कधी? घर बंद असताना झोपणारं आणि घर उघडं असताना देणारं झाड निवडलं की निम्मं काम झालं.

दुसऱ्या प्रश्नावर काही चांगली झाडंही नापास होतात. काजू इथे उत्तम येतो, पण बी पडते फेब्रुवारीपासून, घर बंद असताना. ती दुसरंच कुणी गोळा करतं, किंवा ती झाडाखाली कुजते. हापूस फवारणीशिवाय भरवशाचा नाही. माड घराजवळ नकोच: झावळ कौलांवर पडली की पुढचा पाऊस थेट माजघरात. रातांबा, म्हणजे कोकम, मात्र या घराला शोभतो. त्याला फवारणी लागत नाही, सावली चालते आणि फळ मे महिन्याच्या आसपास हाताशी येतं. बियांपासून केलेल्या रोपांत नर झाडं बरीच निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात, म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दिलेल्या 'कोकण अमृता'सारख्या जातीचं कलमच घ्यावं. मागच्या परसवात एक पुरे.

जमीन आधी बघितली

आराखडा कागदावर करण्याआधी पहार घेऊन जागेवर फिरायचं. दर दोन पावलांवर पहार मारून ती किती आत जाते ते बघायचं. या जागेत खळ्याच्या पुढे एक वीत माती आणि खाली सलग कातळ निघाला. मागे विहिरीच्या अंगाला दोन-अडीच हात माती होती. आधीच्या झाडांपैकी बहुतेक पुढच्या बाजूला लावलेली. त्यांची मुळं कातळावर पसरून थांबली होती आणि मार्चमध्ये तो दगड तव्यासारखा तापतो. पाणी घातलं असतं तरी ती फार जगली नसती.

म्हणून विभागणी अशी केली: एक वीत माती असलेल्या भागात फक्त कंद, तेही चिऱ्यांची एक रांग लावून फूटभर उचललेल्या वाफ्यात. झुडपं सगळी मागे आणि गडग्याकडेला. वाफ्यात तीन घमेली लाल माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेण आणि एक घमेलं जाड रेती या प्रमाणात भर. चिऱ्यांच्या सांध्यांत सिमेंट भरायचं नाही, पाणी तिथूनच निघून जायला हवं. ताजं शेण घातलं तर हुमणी ही अळी होते, आणि ती मुळं खाते.

पागोळ्यांची, म्हणजे छपराच्या कडेवरून पडणाऱ्या धारांची, रेघ वेगळी हाताळावी लागते. कौलांवरून पडणारं पाणी जमिनीत चर खणतं आणि त्या चरात लावलेलं काहीही कुजतं. तिथे दीड-दोन फूट रुंद पट्ट्यात फुटके चिरे आणि खडी. तिच्या बाहेरच्या कडेला स्पायडर लिली आणि सोनटक्का. सोनटक्क्याला ओल लागते, आणि या जागेत पागोळीची कड व मोरीचं पाणी जिरतं ती जागा, एवढ्याच ठिकाणी ती जास्त काळ टिकते. ऑगस्टपासून फुलं येतात, गणपतीत हमखास. उन्हाळ्यात पानं करपून खाली बसतात. त्याला घाबरायचं नाही.

कंदांची यादी

हळद पहिली. गौरी-गणपतीत पातोळ्यांना पानं लागतातच, आणि ऑगस्टअखेर ती हातभर लांब झालेली असतात. दोन डोळे असलेला तीस-चाळीस ग्रॅमचा तुकडा दोन-तीन इंच खोल, एकमेकांपासून फूटभर अंतरावर. जानेवारीत पाला वाळतो, गड्डे जमिनीतच राहतात आणि पहिल्या पावसाला पुन्हा वर येतात. विकायची हळद दर वर्षी काढावी लागते, पानांसाठी लावलेली नाही. बिघडतं ते पाणी साचलं तर: ऑगस्टमध्ये खालची पानं पिवळी पडतात, खोड हाताने ओढलं की सहज सुटून येतं आणि त्याला कुजका वास असतो. ही कंदकूज. तेवढा गड्डा आजूबाजूच्या मातीसकट काढून लांब टाकायचा, वाफ्याची वाट मोकळी करायची आणि त्या जागी दोन वर्षं हळद किंवा आलं लावायचं नाही.

मे फ्लॉवर दुसरं. मूळचं आफ्रिकेतलं, पण कोकणात आता घरोघरी आहे. कोरडे महिने जमिनीत दडलेला कांदा मे महिन्यात लाल चेंडू वर काढतो, नेमका मुलांच्या सुट्टीत. कांद्याची मान जमिनीच्या पातळीला ठेवायची, दोन कांद्यांत वीतभर अंतर. खोल गाडला तर नुसती पानं येतात. हलवला की एखादं वर्ष फूल चुकतं, त्यामुळे एकदा लावल्यावर चार-पाच वर्षं हात लावू नये.

कळलावी. गडग्याच्या कडेने रानात आपोआप येते ती. श्रावण-भाद्रपदात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येतात आणि पानाचं टोकच स्प्रिंगसारखं वळून शेजारच्या फांदीला धरतं. मांडव, काठी काही नको, निर्गुडीवर सोडून द्यायची. कंद दोन दांड्यांचा असतो आणि कोंब टोकालाच असतो. टोक मोडलं की तो दांडा गेला. आडवा ठेवून अडीच-तीन इंच माती. एक गोष्ट ठासून सांगायला हवी: कळलावीचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद सर्वांत जास्त. रताळं किंवा कंदमूळ समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. म्हणून करांदे, कणगर असे खायचे कंद लावायचे असतील तर ते जागेच्या दुसऱ्या टोकाला, आणि लहान मुलांचं घर असेल तर कळलावी यादीतून काढून टाकली तरी बाग अडत नाही.

रेन लिली खळ्याच्या पायरीशी. सर पडल्यावर चार-पाच दिवसांत फुलते, मे महिन्यातली वळवाची एक सरही तिला पुरते. कातळावरच्या वीतभर मातीत ती खुशीत असते.

तेरडा बहुवर्षायू नाही, तरी या बागेत त्याला जागा दिली. तो दर वर्षी स्वतःच्या बियांतून उगवतो आणि तेरड्याच्या गौरीला तो दारचाच मिळतो. अट एकच: बोंडं फुटून बी पडायच्या आत तो कापला जाऊ नये.

सुरण आणि अळू मुद्दाम कमी ठेवले. रानडुकरांना सुरणाचा वास लागला की ते अख्खा वाफा नांगरून जातात. हळदीला ते सहसा तोंड लावत नाहीत, पण शेणखताच्या मातीतल्या गांडुळांसाठी उकरतात. साळिंदराचाही त्रास असतो. म्हणून कंदांच्या वाफ्यांवर दोन इंच मातीखाली एक इंच भोकाची कोंबडीच्या खुराड्याची जाळी आडवी अंथरायची आणि कडा चिऱ्यांखाली दाबायच्या. कोंब भोकातून वर येतात, उकरणाऱ्याचा पाय मात्र अडतो. जाळी चार-पाच वर्षांत गंजते, तोवर कंद खाली गच्च झालेले असतात.

लागवडीची वेळ हीच खरी अडचण

गणपतीत लावलेलं रोप का जगत नाही, याचं कारण हिशेबात आहे. चतुर्थी ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येते. त्यानंतर पाऊस उरतो महिना-दीड महिन्याचा. तेवढ्यात मुळं वीतभर जातात आणि मग सात महिने कोरडे. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लावलेल्या रोपाला चार महिने मिळतात. पण शाळा सुरू होतात म्हणून माणसं तेव्हा नेमकी मुंबईला परतलेली असतात.

कंदांमुळे ही कोंडी सुटते. झोपलेला कंद मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोरड्या मातीत पुरून ठेवता येतो, पाऊस आला की तो आपणहून उठतो. लावणाऱ्याने तिथे थांबायची गरज नाही. पांढऱ्या चाफ्याचंही तसंच. एप्रिल-मे महिन्यात हात-दीड हात लांबीची जाड फांदी तोडायची, आठ-दहा दिवस सावलीत आडवी ठेवून चीक वाळू द्यायचा आणि मग उंचवट्यावर फूटभर खोल रोवायची. हीच फांदी भर पावसात ओल्या चिकासकट लावली तर आठवड्याभरात काळी पडून कुजते. चाफा जगत नाही म्हणणाऱ्यांची बहुधा हीच गडबड असते.

झुडपांसाठी गावातला गडी धरावाच लागतो, पण एका दिवसापुरता. खड्डे मे महिन्यात आपण असतानाच खणून घ्यायचे, दीड फूट लांब-रुंद-खोल, आणि उघडे तापू द्यायचे. प्रत्येकाशेजारी त्याची माती, एक घमेलं कुजलेलं शेण आणि दोन मुठी नीमपेंड तयार ठेवायची. जूनमध्ये गड्याने फक्त मिसळून भरायचं आणि रोप लावायचं. भरताना माती जमिनीच्या वर चार-पाच इंच राहील अशी, कारण पावसाने ती खाली बसते आणि खळगा झाला तर रोप पाण्यात उभं राहतं. घाटावर पावसाळ्याआधी आळं करतात, इथे उलट. आळं ऑक्टोबरात करायचं आणि जूनच्या तोंडाशी मोडायचं.

झुडपं आठच निवडली. लाल एकेरी गावठी जास्वंद तीन, तगर दोन, अनंत एक, निर्गुडी दोन. रंगीत जास्वंदींना कोरड्या महिन्यांत पिठ्या ढेकूण धरतो, आणि बघणारं कुणी नसल्याने शिमग्यापर्यंत शेंडे पांढरे होऊन गेलेले असतात. गावठी लाल जास्वंदीला तो कमी लागतो. मोठी झाल्यावर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिची एक तृतीयांश उंची छाटायची. फुलं नव्या फुटीवर येतात. २५ मेला छाटली तर २०२५ सारखी २७ ऑगस्टची चतुर्थी असो की २०२६ सारखी १४ सप्टेंबरची, तीन महिने हातात असतातच आणि झाड कळ्यांनी भरलेलं मिळतं. वानर कळ्या खातात. त्यावर उपाय म्हणजे तीनपैकी एक झाड अगदी पडवीला लागून लावणं. माणसं घरात असली की वानर तेवढं जवळ येत नाही.

गडग्याच्या आतून निर्गुडीसोबत अडुळसा आणि गवती चहा. अडुळशाच्या फांद्या जूनमध्ये नुसत्या खोचल्या तरी लागतात आणि गुरं त्याला तोंड लावत नाहीत. विहिरीकडच्या उतारावर माती वाहत होती, तिथे वाळ्याचे फुटवे आडव्या ओळीत, वीतभर अंतराने. सिंगापूर डेझी मात्र कुणी फुकट दिली तरी आणू नये. दोन पावसांत ती गडगा ओलांडून शेजाऱ्याच्या शेतात उतरते.

पहिला उन्हाळा

कंदांना पहिल्या उन्हाळ्यातही पाणी नको. आठ झुडपांना हवं. इथे माठ वापरले. सहा लिटरचा, रंग किंवा चकाकी नसलेला कच्चा माठ, रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरलेला, तोंडावर सपाट चिपेचा दगड. पुरण्याआधी माठ भरून रात्रभर ठेवायचा. सकाळी बाहेरून ओलसर नसेल तर तो पाझरत नाही, परत करावा. आठवड्याला एकदा भरायचा. नोव्हेंबर ते मे तीस आठवडे धरले तर आठ माठांना हंगामाचं पाणी १,४४० लिटर होतं. शेजारच्या भावकीतलं कुणीही माणूस आठवड्यातून पंधरा-वीस मिनिटांत हे काम उरकू शकतं. रोज पाईप धरायला कुणी तयार होत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी एकदा, तिसऱ्या वर्षी माठ काढून टाकायचे. जून लागताच माठ पालथे केले नाहीत तर त्यांत डास होतात.

पाण्याइतकंच नुकसान ग्रासकटर करतो. पावसानंतर रान छातीभर वाढतं. ते ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात बेणून, म्हणजे कापून, घ्यावंच लागतं, नाहीतर माघ-फाल्गुनात शेतं भाजताना भाजावळीची ठिणगी उडून गडग्याच्या आत वणवा येतो. पण गवतात लपलेलं बोटभर जाडीचं खोड बेणणाऱ्याला दिसत नाही. दोरी फिरून साल गोल सोलली जाते, रोप लगेच मरत नाही, फेब्रुवारीत वाळतं आणि खापर पाण्यावर फुटतं. वाळलेलं रोप उपटून बुडख्यावरून बोट फिरवलं तर जमिनीपासून दोन बोटं वर सोललेलं कडं हाताला लागतं. म्हणून एकटं रोप कुठेच लावायचं नाही. दोन-तीन झुडपांचा गट आणि त्याभोवती चिऱ्यांचं कोंडाळं. बेणणाऱ्याला एकच सूचना: चिऱ्यांच्या आत मशीन नाही.

कापलेलं गवत आणि पातेरा आळ्यांत चार इंच थराने पसरायचा, खोडापासून अर्धा फूट लांब, कारण पातेऱ्याला वाळवी येते आणि खोडाला टेकला तर ती साल धरते. गडग्यालगतचा दहा फुटांचा पट्टा मात्र झाडून पूर्ण मोकळा.

शिमग्याला आल्यावर करायचं काम जवळजवळ नाही. माठ तडकलेत का बघायचं, पिठ्या ढेकूण लागलेला शेंडा तोडून जाळायचा. या भेटीत खरा धोका उत्साहाचा. वाफे रिकामे दिसतात, चाफ्याला पान नसतं, आणि कुणीतरी 'सगळं मेलं' म्हणत कुदळ घेतं. म्हणून प्रत्येक वाफ्याच्या चिऱ्यावर ऑइल पेंटने नाव लिहून ठेवायचं. कागदी किंवा प्लॅस्टिकची पाटी एका पावसात जाते.

गणपतीत कुर्डू, रानमोडी आणि वाफ्यात शिरलेले वेल उपटायचे. माती ओली असते, मुळासकट निघतात. रानमोडी तेव्हा राहून गेली तर हिवाळ्यात फुलून बी उडवते. या दहा दिवसांत नवीन काही लावायचं नाही, नर्सरीची गाडी दारात आली तरी.

तिसऱ्या मे महिन्यात हळदीचे वाफे उकरायचे, कारण तोवर गड्ड्यांची गर्दी होऊन पानं आखूड पडू लागतात. जाळी उचलायची, सगळे गड्डे काढायचे, मऊ पडलेले टाकायचे, चांगल्यातले एक तृतीयांश ताज्या शेणखताऐवजी कुजलेल्या खताची भर देऊन परत लावायचे. उरलेले, दोन-तीन टोपल्या होतात, माठ भरणाऱ्याच्या घरी पोचते करायचे.